दाजींना वाट द्या

दाजींना माणसं आवडत नाहीत असं नाही. त्यांना ती रस्त्यावर आवडत नाहीत. मुंबईच्या एका उपनगरात निम्मं आयुष्य काढून, त्यातलं बरंचसं लोकलच्या दारात एका पायावर काढून, हा माणूस मेरीलँडला आला. तिथं वॉशिंग्टनच्या बेल्टवेवर वर्षानुवर्षं ब्रेक दाबून बसला. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की यापुढे ज्या वाटेला चारचाकी फिरकते त्या वाटेचं तोंड पाहायचं नाही. मग घरात सायकल आली.

तिला नुसती सायकल म्हटलं की दाजी दुखावतात. ती ग्रॅव्हल बाइक आहे. हँडल शर्यतीच्या सायकलचं, खाली वळलेलं. टायर मात्र पंचेचाळीस मिलिमीटर रुंद आणि आत ट्यूबच नाही. नुसतं पांढरं सीलंट, जे भोक पडलं की आपणहून बुजवतं. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावाहून दरवर्षी अशा सायकलींची दोनशे मैलांची शर्यत निघते, ती दाजी घरी सोफ्यावर बसून पण हेल्मेट घालून पाहतात. सायकल केवढ्याला पडली हे ताईला अजून माहीत नाही. तिला सांगितलेला आकडा फक्त चाकांचा आहे.

तोही ऐकून ताई म्हणाली होती, “तिकडे आपल्या गल्लीत अशीच खडी टाकून ठेवली होती. तीन पावसाळे डांबर आलं नाही. तेव्हा हेच नगरसेवकाच्या दारात धरणं धरायला निघाले होते.”

“ती खडी वेगळी,” दाजी म्हणाले.

निघायच्या दिवशी पहाटे गॅरेजमध्ये दाजी वैद्याने नाडी धरावी तसा टायरवर अंगठा ठेवून डोळे मिटतात. “अठ्ठावीस,” असं निदान होतं. मग हवेचं गेज लावतात. गेज तेहेतीस दाखवतं. “गेज गेलं वाटतं,” म्हणून ते नवीन गेज मागवतात. अशी पाच-सहा गेलेली गेजं गॅरेजच्या खणात आहेत आणि ती सगळी एकमेकांशी तंतोतंत जुळतात.

आता निवांत वाटेपर्यंत पोचायचं तर मोटारच काढावी लागते. मागे सायकली टांगून हायवेवरून दोन तास. या दोन तासांत दाजी जे बोलतात ते छापण्यासारखं नसतं. एरवी त्यांचं मराठी निम्मं इंग्रजी झालेलं आहे, पण आडव्या आलेल्या ट्रकला उद्देशून ते निर्भेळ मराठी बोलतात. भाषा टिकावी म्हणून झटणाऱ्यांनी एकदा त्यांच्या गाडीत बसावं.

वाट मात्र खरोखर दृष्ट लागण्यासारखी आहे. पिट्सबर्गपासून कंबरलंडपर्यंत दीडशे मैलांचा ग्रेट ॲलेघेनी पॅसेज: जुन्या रेल्वेचे रूळ उखडून तिथं चुनखडीचा चुरा अंथरलेला, कडेला आधी यॉकगेनी आणि मग कॅसलमन नदी, वर झाडांचं छत. कंबरलंडला तो संपतो तिथं चेसापीक अँड ओहायो कालव्याचा काठ सुरू होतो. खेचरं ज्या वाटेनं बोटी ओढत चालायची त्या वाटेनं, पोटोमॅक नदीला धरून, थेट वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत १८४.५ मैल. कालवा १९२४ साली बंद पडला, वाट राहिली. कासवं आडवी जातात, बगळे उभे असतात, आणि तासाभरात चार माणसं भेटली तर दाजी कपाळाला आठी घालून म्हणतात, “आज गर्दी आहे. मंगळवारी यायला हवं होतं.”

रेल्वेची वाट म्हटल्यावर चढ बेताचाच. तरी दाजी त्याचं वर्णन घाटासारखं करतात. कंबरलंडकडून निघालं की चोवीस मैलांत साधारण अठराशे फूट चढून पूर्व खंडीय जलविभाजक येतो, उंची २,३९२ फूट.

“लोणावळ्यापेक्षा उंच!” दाजी धापा टाकत म्हणतात.

“लोणावळ्याला चिक्की मिळते,” ताई म्हणते. तिची सायकल पुढे टोपली असलेली, साधी, आणि ती नेहमी दाजींच्या दहा मिनिटं आधी पोचलेली असते. या विषयावर घरात कोणी बोलत नाही.

इथं पडलेलं पाणी एका बाजूला मेक्सिकोच्या आखाताला जातं, दुसऱ्या बाजूला चेसापीकच्या उपसागराला. दाजी थर्मासमधला चहा काढतात, एक घोट इकडे ओततात, एक घोट तिकडे, आणि हात जोडतात. चहा पुढच्या मुंगीपर्यंतही पोचत नाही. पण दोन समुद्रांचं देणं फिटल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

माणसं नकोत म्हणून इतक्या लांब आलेल्या या माणसाला दुपारपर्यंत बोलायला कोणीतरी लागतंच. कालव्याच्या काठी मुक्कामाच्या जागांवर हातपंप आहेत. पाण्याला आयोडीनचा वास येतो. तिथं एखादा बिचारा बाटली भरायला आला की दाजी दांडा आपल्या हातात घेतात. हा विनय नव्हे, ही नाकेबंदी. मग न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांची कथा सुरू होते. या कालव्याच्या जागी मोटारींचा रस्ता करायचं घाटत होतं. १९५४ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखातून त्याला पाठिंबा दिला. सुप्रीम कोर्टाच्या या न्यायमूर्तींनी संपादकांना उघड आव्हान दिलं, की माझ्याबरोबर कालवाभर चालून दाखवा. इथं दाजी पंप थांबवतात. बाटली अर्धीच भरलेली असते. “मग?” पाहुण्याला विचारावंच लागतं. दोन हात पंप चालतो. पुष्कळजण निघाले, सबंध अंतर नऊच जण चालले, त्यांत डग्लस होते. पुन्हा पंप बंद. १९७१ साली इथं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं तेव्हा कुठे बाटली काठोकाठ भरते.

सगळ्यात मजा पॉ पॉ बोगद्यात. पॉ पॉ हे तिथल्या रानातलं फळ, नात्यानं आपल्या सीताफळाचं चुलत भावंड. ताईचं सारं लक्ष त्या झाडांकडे, दाजींचं बोगद्याकडे. ३,११८ फूट लांब, खोदायला चौदा वर्षं लागली, आत दिवा नाही. कालव्याकडेच्या अरुंद वाटेवरून टॉर्च लावून सायकल हातात धरून चालायचं. बोटींच्या काळात इथं एका वेळी एकाच दिशेची बोट जाई. एकदा म्हणे दोन नावाडी मधोमध समोरासमोर आले आणि दोघंही मागे हटेनात. दोन्हीकडे बोटींची रांग लागली, दिवस गेले. शेवटी कालव्याच्या अधिकाऱ्यानं तोंडाशी मक्याचे ओले धांडे पेटवले आणि धुरानं दोघांना बाहेर काढलं.

“अडाणी लोक,” दाजी अंधारात सांगत होते. “वाहतुकीची शिस्त म्हणून काही असते.”

एवढ्यात समोरून एक टॉर्च आला. दाजींनी इंग्रजीत वाट मागितली.

“आधी तुमची बत्ती खाली घ्या की!” पलीकडून आवाज आला.

क्षणभर बोगद्यात नुसतं पाणी ठिबकल्याचं ऐकू आलं. मग दाजी म्हणाले, “आपण कुठले?”

“कराडचे.”

“कराड! कराडात कुठं? आमची मावशी सोमवार पेठेत होती.”

दोन ग्रॅव्हल बाइका हँडलला हँडल लावून कठड्याला टेकल्या. मावशीचं घर सापडलं, मग मावशीचे शेजारी, मग समोरच्यांच्या टायरमध्ये हवा किती हा प्रश्न निघाला आणि दोन अंगठे दोन टायरांवर गेले. त्यांच्या मागे बालवीरांचं एक आख्खं पथक येऊन थांबलं. आमच्या मागे एक जोडपं, त्यांच्या सायकलला जोडलेल्या गाड्यात रडणारं बाळ. त्यामागे आणखी दिवे, एकामागे एक.

“जरा थांबा हो, बोलतोय ना!” दाजी मागे वळून म्हणाले.

ताईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जा रे,” ती म्हणाली, “कुठे मक्याचे धांडे मिळतात का बघ.”