सातवी ब आणि साधनशुचिता

आमच्या बी.एड.च्या वर्गात सध्या दोनच पंथ उरले आहेत: फोनमधली जागा संपलेले आणि फोन बदलायच्या विचारात असलेले. कारण आयसीटी. याचं पूर्ण नाव 'माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान', पण एवढं म्हणेपर्यंत बाजारात नवं साधन येतं, म्हणून सगळे आयसीटीच म्हणतात. नियम असा की प्रत्येक सराव पाठात एक तरी ऑनलाइन साधन वापरायचं, पाठ टाचणात त्याचं नाव लिहायचं आणि खर्च शून्य दाखवायचा. शेवटची अट आमच्या मार्गदर्शक सरांची. जे साधन विकत घ्यावं लागतं ते शैक्षणिक नसून व्यावसायिक असतं, असं त्यांचं मत आहे. हे मत त्यांनी विकतच्या प्रोजेक्टरवर मांडलं.

पूर्वी तक्ते होते. पचनसंस्थेचा एक तक्ता आमच्या कॉलेजात सिनियरकडून ज्युनियरकडे इतकी वर्षं फिरतोय की जठराच्या मधोमध घडीचं भोक पडलंय. प्रत्येक बॅच ते भोक अल्सर म्हणून शिकवते. आता सिनियर तक्त्याऐवजी लिंका देतात. तक्ता फाटला तर निदान दिसतो, लिंक मात्र कुणालाही न कळवता जाते. ग्रंथालयातल्या जुन्या टाचणवह्या चाळताना मला हे जाणवलं. एका वहीत पानोपानी एडमोडो, ते सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं. दुसरीत गुगल जॅमबोर्ड, त्याने ३१ डिसेंबर २०२४ ला फळा पुसला. या नावांच्या आधी 'कै.' लावावं की नाही, याबद्दल विद्यापीठाचं परिपत्रक अजून आलेलं नाही.

सरांच्या भाषणाचा शेवट ठरलेला असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. बालभारतीच्या पुस्तकांवरही आता ते चौकोन असतात, दीक्षा अॅपने उघडणारे. हे सांगून झालं की सर चष्मा काढतात आणि विचारतात, "तुमच्यातले डिसले कुठे आहेत?" आम्ही सगळे मागे वळून बघतो.

माझ्यातला डिसले शोधायला मी कहूतपासून सुरुवात केली. हे नॉर्वेचं, २०१३ पासून चालू असलेलं प्रश्नमंजुषेचं साधन. पडद्यावर प्रश्न येतो आणि त्याखाली चार रंगीत पर्याय: लाल त्रिकोण, निळा हिरा, पिवळं वर्तुळ, हिरवा चौकोन. मुलं आपापल्या फोनवर रंग दाबतात, मागे छातीत धडधड होईल असं संगीत वाजतं. आमच्या सरावशाळेत मुलांना फोन आणायला बंदी आहे. तेव्हा मी वर्गाच्या चार कोपऱ्यांना चार आकार चिकटवले: उत्तर वाटेल त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. नॉर्वेला सुचली नसेल अशी सुधारणा! पिवळं वर्तुळ दाराशी होतं आणि दारातून मैदानावर चाललेला आठवीचा कबड्डीचा सामना दिसत होता. त्या दिवशी सातवी ब च्या मते जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पिवळं वर्तुळ होतं.

या साधनांच्या मनात एक मूल असतं. त्याच्याकडे स्वतःचं यंत्र असतं, ईमेल असतो, त्याला टंकलेखन येतं, ते एका वेळी एकच गोष्ट करतं आणि शेजाऱ्याकडे बघत नाही. असं मूल मला भेटलं तर मी त्याला आधी डॉक्टरकडे नेईन. सातवी ब ही वेगळीच चीज आहे. साधन वर्गात आलं की पहिल्या पाच मिनिटांत ती ते तपासून घेते आणि उरलेला तास साधनाला वळण लावते.

उदाहरणार्थ जाहिराती. फुकट साधनाला कुठून तरी पोट भरायचं असतं, त्यामुळे मधूनच जाहिरात येते. मी पडद्यावर एक उलटगणतीचं घड्याळ लावलं होतं, गटचर्चेला वेळ मोजायला. लॅपटॉप घरचा, रात्री त्यावर बाबा असतात. पाठ पचनसंस्थेचा. अन्न लहान आतड्यात पोचलं आणि घड्याळाशेजारी एका चूर्णाचा डबा उगवला. मोठ्या अक्षरांत प्रश्न होता, 'सकाळी पोट साफ होत नाही?' मी काही बोलायच्या आत पहिल्या बाकावरचा हात वर गेला.

"बाई, आमच्या आजोबांचं नाही होत."

"आमच्या मामांचं पण नाही. ते पेपर घेऊन जातात."

मग मोठं आतडं, पाणी, पालेभाज्या, तंतुमय पदार्थ हे सगळं मुलांनीच वर्गात ओढून आणलं. इतकी मनापासून चर्चा मी मेहनतीने तयार केलेल्या एकाही प्रश्नावर झाली नव्हती. पाठ निरीक्षणाच्या कागदावर शेरा आला: 'दैनंदिन जीवनाशी समवाय उत्तम साधला. चेतक योग्य वेळी.' बाबांचे आभार मानायचे होते, पण कशाबद्दल ते सांगणं अवघड होतं.

भूगोल ही माझी दुसरी अध्यापन पद्धती. तिथे मी गृहपाठ ऑनलाइन फॉर्ममधून द्यायचं ठरवलं, कारण त्यातली उत्तरं आपोआप तपासली जातात, असं सांगितलं होतं. पहिला प्रश्न सोपा: महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते? उत्तराच्या रकान्यात मी 'कळसूबाई' भरून ठेवलं आणि लिंक पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. सकाळी बघते तर जवळजवळ सगळा वर्ग नापास. अर्ध्या मुलांनी 'कळसुबाई' लिहिलं होतं, सू ऱ्हस्व. एकाने 'कळसूबाई शिखर, उंची १६४६ मीटर, ता. अकोले' अशी जादा माहिती दिली आणि शून्य घेतलं. सर्वांत हुशार मुलीने लिहिलं होतं, 'महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे आहे.' पहिलीपासून आपण मुलांच्या मानगुटीवर बसतो की उत्तर पूर्ण वाक्यात लिहा; ते जिने इमानाने ऐकलं तिलाही यंत्राने भोपळा दिला.

काही घरांत उत्तर बोलून टाइप झालं होतं. फोन मराठी छान ऐकतो, फक्त कुणाचं ऐकायचं हे त्याला कळत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर एका घरी 'टीव्ही बारीक कर' हे निघालं आणि दुसऱ्या घरी 'आधी जेवून घे मग काय ते कर'. या दुसऱ्या उत्तराला मी हाताने पूर्ण गुण दिले. त्या माउलीचं म्हणणं मला पटलं.

फेटबद्दल मात्र मी एकही वाकडा शब्द ऐकून घेणार नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेत २००२ साली कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प सुरू केला, त्यात आपल्या नोबेलच्या पैशांतलाही वाटा घातला. ते नोबेल २००१ चं, बोस-आइन्स्टाइन संघननासाठीचं. म्हणजे नावापुरतं का होईना, आपल्या सत्येंद्रनाथ बोसांचंही त्यात भांडवल आहे. विद्युत परिपथ, दोलक, घनता, अशी कितीतरी आभासी खेळणी आहेत. बरीचशी मराठीतही मिळतात आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. आमच्या शाळेच्या ई-लर्निंग कक्षात इंटरनेट आहे की नाही हे कक्ष उघडल्यावर कळतं आणि कक्षाची किल्ली शिपाईमामांकडे असते. मामा दुपारी बँकेत जातात. तेव्हा शेवटचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवते.

आठवी अ ला परिपथ शिकवताना मी तारा, घट, बल्ब जोडून दाखवले. बल्ब पेटला. वर्ग शांत. मग एका मुलाने पुढे येऊन बल्ब काढून टाकला, घटाची दोन्ही टोकं नुसत्या तारेने जोडली आणि घटातून ज्वाळा निघाल्या. फेटने तशी सोयच केलेली आहे. यानंतर रोध, विद्युतधारा, ओहमचा नियम यांतलं काहीही समजावण्यासाठी वर्गाची एकच अट होती: "बाई, शेवटी आग लावायची." मी रोध वाढवायची, ते आगीची वाट बघायचे. रोध वाढवला की आग लागत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा निषेध म्हणून का होईना, पाठाचं उद्दिष्ट साध्य झालं.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून टाचण करून घ्यायचा प्रयोगही झाला. एका मिनिटात हेतू, स्पष्टीकरणं, हर्बार्टच्या पायऱ्या, सगळं तयार. पहिली पायरी होती, 'विद्यार्थ्यांना आपापले लॅपटॉप उघडण्यास सांगा.' पुढे वाचलं नाही.

आणि मग प्लिकर्स. फुकट साधनांत मला भेटलेलं हे एकमेव साधन, ज्याने आपल्याकडचा वर्ग पाहिला असावा असा संशय येतो. मुलांना फोन नको, संगणक नको. प्रत्येकाच्या हातात एक कागदी कार्ड, त्यावर काळी चौकटीची नक्षी आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटेल ती बाजू वर धरायची. शिक्षकाने आपला एकच फोन वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. नक्षी प्रत्येक कार्डाची वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. ४० कार्डांचा एक संच असतो आणि ६३ कार्डांचा दुसरा. सातवी ब चा पट ६१, म्हणून मी मोठा संच छापायला नेला. झेरॉक्सवाले काका कार्डं मोजता मोजता थांबले, खिशातून फोन काढून एक कार्ड स्कॅन करून पाहिलं, मग दुसरं.

"मॅडम, पैसे कुणाच्या खात्यात जातात हे?"

"कुणाच्याच नाही. हे शिकवायला आहे."

"तरीच," ते म्हणाले आणि बिल रोखीत मागितलं. टाचणात खर्च शून्यच लिहिला.

त्या पाठाला आमचे सर स्वतः निरीक्षणाला आले. सरांचा विषय मराठी. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या. दोन कार्डं उरत होती, त्यातलं ६२ नंबरचं मी शिष्टाचार म्हणून सरांना दिलं आणि यादीत त्यांचं नाव 'पाहुणे' असं टाकलं. पाच मिनिटांत सातवी ब ने साधन तपासून घेतलं. त्या दिवशी हजर मुलं ५४ होती आणि उत्तरं ६१ येत होती. गैरहजर असलेल्या सातही जणांची मित्रांनी सोय केली होती, दोन्ही हातांत दोन कार्डं धरून. त्यात मावशीच्या लग्नाला गेलेला एक मुलगा सगळी उत्तरं बरोबर देऊन वर्गात पहिला आला. ज्यांची चुकत होती त्यांचं म्हणणं एकच: "बाई, येत होतं, कार्ड उलटं धरलं गेलं." तीन प्रश्न झाले तेव्हा हे वाक्य वर्ग कोरसमध्ये म्हणू लागला होता.

चौथा प्रश्न होता: पित्तरस कोठे तयार होतो? ए यकृत, बी पित्ताशय, सी जठर, डी स्वादुपिंड. मी फोन फिरवला, निकाल पडद्यावर टाकला. पित्तरस यकृतात तयार होतो आणि पित्ताशयात नुसता साठतो, हे मुलांना चांगलं माहीत होतं, कारण चूर्णाच्या दिवशी त्यावर बरीच चर्चा झाली होती. नावांसमोर ओळीने हिरवं दिसत गेलं. लग्नाला गेलेलाही बरोबर. सर्वांत खाली 'पाहुणे', आणि त्यासमोर लाल बी.

एकसष्टाच्या पटावरची चोपन्न डोकी एकदम मागे वळली. सरांनी चष्मा काढला, कार्डाकडे पाहिलं, ते हळूच फिरवलं आणि म्हणाले,

"कार्ड उलटं धरलं गेलं."

वर्गातून कुणी हसलं नाही. मधल्या बाकावरून फक्त एक समजूतदार आवाज आला, "होतं असं सर."