कनेक्शन तुटण्याचं कारण सापडू न देण्याविषयी

डेटाबेसचं कनेक्शन मधेच तुटलं तर ते कुणी तोडलं हे शोधून काढणं फारसं अवघड नसतं, आणि खरा धोका इथेच आहे. कारण सापडलं की तिकीट बंद होतं, बैठका थांबतात आणि ॲपवाले, डीबीए व नेटवर्कवाले यांना एकमेकांशी बोलायला विषय उरत नाही. म्हणून ज्यांना हे घोंगडं भिजत ठेवायचं आहे, त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने टाळावी: तुटण्याआधी ते कनेक्शन किती सेकंद गप्प होतं, हे मोजायचं नाही.

यामागचं कारण साधं आहे. गप्प बसलेलं कनेक्शन तोडणारा प्रत्येक जण आपापल्या ठरलेल्या वेळी तोडतो, आणि त्या वेळेवरून तो ओळखू येतो. मायएसक्यूएलचा वेट टाइमआउट मुळात २८,८०० सेकंदांचा, म्हणजे आठ तासांचा असतो. रात्रभर कुणी फिरकलं नाही आणि सकाळच्या पहिल्याच माणसाला त्रुटी दिसली, तर बोट तिकडे जातं. ३५० सेकंदांनी तुटलं तर ॲमेझॉनच्या क्लाउडवरचं नॅट गेटवे, चार मिनिटांनी तुटलं तर अझूरचा लोड बॅलन्सर. ही मधली मंडळी चालू कनेक्शनांची यादी ठेवतात आणि गप्प असलेल्यांची नावं त्यातून खोडतात. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह ‘आहात का?’ असं पहिल्यांदा विचारतं ते ७,२०० सेकंदांनी, तेही प्रोग्रॅमने तशी विनंती केली असेल तरच. तोवर नाव खोडून बराच काळ लोटलेला असतो. नॅट गेटवेच्या मागून ॲपने पुढची क्वेरी पाठवली की त्याच्या हाती रीसेट पडतो. सर्व्हरला मात्र कुणी काही कळवत नाही. त्याच्या लॉगमध्ये त्या क्षणी काहीच नसतं आणि डीबीए अगदी प्रामाणिकपणे हात वर करू शकतो. बैठक चांगली दोन तास चालते ती याच टप्प्यावर.

घड्याळ टाळलं तरी पुरावा उरतोच, तो पुसण्यासाठी सर्व्हर ताबडतोब रीस्टार्ट करावा. मायएसक्यूएलमध्ये अपटाइम नावाचा एक आकडा असतो. सर्व्हर किती सेकंद अखंड चालू आहे ते तो सांगतो. मेमरी संपल्यामुळे लिनक्सने रात्री तीन वाजता सर्व्हरचाच गळा दाबला असेल, तर हा आकडा लहान दिसतो आणि प्रकरण एका ओळीत मिटतं. आपण स्वतः रीस्टार्ट केलं की तो सगळ्यांसाठीच लहान होतो. शिवाय अबॉर्टेड क्लायंट्स (जोडले गेले, पण रीतसर निरोप न घेता गेले किंवा टाइमआउटने काढले गेले) आणि अबॉर्टेड कनेक्ट्स (दारातूनच परत गेले) हे दोन्ही मोजणारे आकडे शून्यावर येतात. एरवी या दोघांत गल्लत करण्याची परंपरा आहेच, पण शून्य अधिक खात्रीचं.

यानंतर वेट टाइमआउट आठ तासांवरून चोवीस तासांवर न्यावा. वाटेतला गेटवे ३५० सेकंदांनी तोडत असेल तर याने काहीच फरक पडत नाही. साप म्हणून भुई धोपटल्याचं समाधान तेवढं मिळतं. उलट, ॲपच्या लेखी मेलेली कनेक्शनं सर्व्हरच्या खात्यावर बराच काळ जिवंत राहू शकतात, आणि मॅक्स कनेक्शन्सची मूळ मर्यादा १५१ असल्यामुळे एके दुपारी नव्यांना जागाच उरत नाही. म्हणजे जुनं तिकीट उघडं असतानाच दुसरं मिळालं.

यावर कुणी म्हणेल, आमची कनेक्शनं कधीही तुटतात, त्यात कसली वेळ? भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं तर ती कधीही तुटतात हे खरंच. शेवटच्या वापरापासून मोजलं की बहुधा तोच तो आकडा पुन्हा येऊ लागतो, म्हणून तर मोजू नका म्हटलं. अपवाद आहेत. ऐन क्वेरीत मोठा मजकूर पाठवताना तुटलं, तर प्रश्न वेळेचा नसून मॅक्स अलाउड पॅकेट या मर्यादेचा असू शकतो. दुसरा आक्षेप अनुभवी लोकांचा: कारण कशाला हवं, तुटलं की ॲपने पुन्हा प्रयत्न करावा. वाचनासाठी हे चालून जातं. पण कमिट पाठवल्यावर उत्तर येण्याआधीच कनेक्शन गेलं, तर नोंद झाली की नाही हे ॲपला कळायला मार्ग नसतो. त्याने डोळे मिटून पुन्हा पाठवलं की ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात, आणि मग बैठकीला हिशेब खात्यालाही बोलवावं लागतं.

एवढं करूनही एखाद्या नव्या पोराने स्टॉपवॉच लावलं आणि ३५० हा आकडा फळ्यावर लिहिला, तर वाद घालू नये. कीपअलाइव्हची वेळ ७,२०० वरून ३०० वर आणावी, ॲपने ते मागितलं आहे ना याची खात्री करावी आणि तिकीट बंद करावं. गुरुवारच्या बैठकीचं आमंत्रण मात्र आपण होऊन रद्द करू नये. ज्यांनी पाठवलं त्यांनीच ते करावं.