जाणाऱ्याचा फ्लेक्स

साताऱ्यात पोवई नाक्यावर आता पोरगं गावातून गेलं की फ्लेक्स लागतो. हिंजवडीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. वर गरुड, खाली गॉगल लावलेले बत्तीस शुभेच्छुक.

आमच्या ओळखीतलं एक जोडपं त्यामुळे अडचणीत आलंय. नवरा साताऱ्याचा, बायको सांगलीची. (सांगली जिल्हा 1960 पर्यंत दक्षिण साताराच होता, तेव्हा सोयरीक तशी घरातल्या घरातच.) तो एमआयडीसीत, ती तासिका तत्त्वावर शिकवते. पुण्याहून त्याला बोलावणं आलंय आणि दोघांचं काही ठरत नाही. रात्री पुण्याच्या घरभाड्याचा हिशेब मांडतात, सकाळी कासच्या रस्त्यावर फिरून आले की वही मिटतात. खोळंबा झालाय तो फ्लेक्सवाल्याचा. "दादा, राहणार की जाणार तेवढं सांगा, मजकूर टाकून ठेवतो."

जाणाऱ्याचा मजकूर त्याच्याकडे तयारच असतो. गरुडझेप, सुपुत्र, मानाचा तुरा. फक्त फोटो बदलायचा. मापही ठरलेलं. पुण्याला गेला तर सहा बाय चार, बंगळूरला दहा बाय आठ, जर्मनीला गेला तर थेट कमान. गावापासून जितका लांब जाल तितकं गाव खूश! राहणाऱ्याला मात्र फ्लेक्स मिळायचे दोनच मार्ग: वाढदिवस आणि भावपूर्ण श्रद्धांजली. पहिल्यासाठी मागे चार पोरं लागतात, दुसऱ्यासाठी स्वतःचीही गरज नसते. त्यात सासरे पडले सांगलीचे. फूट म्हटलं की सांगलीकराची नजर पुराचं पाणी मोजणाऱ्या आयर्विन पुलाकडेच जाते. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, 2019 ला तर पाणी सत्तावन्नच्या वर. जावयाचा फ्लेक्स माप मोडून वीस फुटी करायचं चाललंय म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, मग अजून निम्म्यावरच हाय. बसा निवांत." सासूबाईंनी एवढंच विचारलं, "त्यात माझी लेक कुठाय?" लेक नाही. नोकरी त्याला लागली म्हणून फ्लेक्स. तिची सुटणार, त्याचा कोण लावतो?

आणि हेच बत्तीस शुभेच्छुक संध्याकाळी टपरीवर चहा पीत म्हणतात, पोरं गावात राहत नाहीत हो! राहतील कशाला? राहिलेला पोरगा दिसला की तुमचा पहिला प्रश्न, "काय रे, कुठं जमलं नाही का?" पेन्शनरांचं गाव म्हणून मिरवता, म्हणून एकोणतिसाव्या वर्षी राहतो म्हणणाऱ्यालाही पेन्शनीत काढता काय? त्याला इथं धड पगार मिळावा, तिला बारा महिन्यांची नोकरी मिळावी म्हणून यातल्या एकानं तरी कधी कुठं अर्ज केलाय? वर्गणी काढली ती फ्लेक्सला. आणि तो ठोकला कुठं, तर वडाच्या झाडाला, खिळे मारून! वर मजकूर, 'मातीशी नाळ जपणारा'. झाड जिवंत आहे हो! त्या खिळ्यांचा हिशेब एकदा शुभेच्छुकांच्या नावानिशी काढला पाहिजे.

असो. परवा दोघं फ्लेक्सवाल्याकडे गेले. म्हणाले, आम्ही राहतोय असं धरून एक काढून दाखवा. त्यानं कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधलं. मग खुर्ची वळवून म्हणाला, "दादा, अभिनंदन कशाबद्दल लिहू? आणि शुभेच्छुक म्हणून कुणाला घेऊ?"

दोघंही गप्प. गिऱ्हाईक हातचं जायला नको म्हणून त्यानंच मग तोडगा काढला.

"वहिनींचा वाढदिवस कधी असतो?"