नानांची पाहणी

आमच्या सोसायटीतले नाना कुणाकडे गेले की आधी माणसांकडे नाही, फरशीकडे बघतात. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाल्यावर रस्त्यांवरचे खड्डे त्यांनी देवावर सोडले आणि लोकांच्या मोऱ्या तपासायला घेतल्या.

"दार आत उघडतं? म्हणजे आत पडलात तर दाराला अडसर तुम्हीच!" चहा येण्याआधी एवढं ऐकून झालेलं असतं. मग कमोडशेजारचा दांडा दोन्ही हातांनी ओढून बघतात. "नुसता टाइलला चिकटवलाय. टॉवेल पेलेल, तुम्ही नाही." दांडा कसा भिंतीत ड्रिल मारून, स्क्रूने आवळलेला हवा. एका बारशाला पाळण्याखालच्या सतरंजीचा मुडपलेला कोपरा त्यांनी अर्धा तास सरळ केला. बाळाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा तोंडपाठ: पडून जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, त्यांत साठीपुढची सर्वांत जास्त. हे ते शक्यतो पंगतीत सांगतात, श्रीखंड वाढताना.

बोलतात ते खोटं नाही, म्हणून तर पंचाईत. रात्री झोपेतून तडक उठू नका, पलंगाच्या काठावर जरा बसा, रक्तदाब सावरू द्या. पलंगापासून संडासापर्यंत बारीक दिवे लावा. तळमजल्यावरच्या आजींनी लावलेही. आता त्यांना रात्री झुरळं स्पष्ट दिसतात.

काकूंपुढे मात्र नानांचं चालत नाही. काकू जुन्या सुती साड्यांची पायपुसणी विणतात, दर दाराशी एक. नाना सकाळी ती गोळा करून कपाटात कोंबतात. दुपारी ते घोरायला लागले की काकू पुन्हा अंथरतात. शेवटी तह झाला. पायपुसण्यांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे शिवायचे. शिवणार नाना, सुईत दोरा ओवणार काकू. कारण नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या दिवाळीपासून 'पुढच्या महिन्यात' आहे.

स्टुलावर चढायला घरात सक्त मनाई. त्यामुळे पंखे काळे आणि कोळी सुखी. यंदा गणपतीत काकूंनी पातेल्यावर चाळणी ठेवून मोदक उकडले. सातवा मोदक फोडून त्यात तूप सोडताना नानांना शंका आली.

"कळ्या बसल्यात. आपलं मोदकपात्र कुठंय?"

"माळ्यावर," काकू म्हणाल्या. "सुखरूप आहे."