अब्रू पुढे पाठवली आहे

पूर्वी महाडमध्ये कुणाची अब्रू काढायची तर निदान एसटी स्टँडपर्यंत चालत जावे लागे. आता ती अंथरुणातूनच निघते. पोलादपुरात गटाराच्या बिलावरून कुणी कुणाला 'टक्केवारीसम्राट' म्हटले, की बिरवाडीत चहा उकळेस्तोवर ते ग्रुपाग्रुपांतून फिरून खुद्द सम्राटांकडेच येते: 'भाऊ, हे खरं का?' आणि खाली तीन शब्दांचे वकीलपत्र: 'जसे आले तसे.'

कायद्याला हे वकीलपत्र मान्य नाही. बदनामीचा मजकूर पुढे ढकलणाराही तो प्रसिद्धच करत असतो. पण त्याला शोधायचे कुठे? वर्तमानपत्राचे बरे होते. १८६७ च्या कायद्याने मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापायची सक्ती केली. कुणाला धरायचे ते अंकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलेच असे. कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांच्या बदनामीबद्दल टिळक-आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले, ते असे नावगावासकट. आमच्या तालुक्याचे आजचे संपादक 'कोकणचा वाघ' या नावाने वावरतात. डीपीला रायगड. नोटीस बजावायची तर रोपवेने न्यावी लागेल.

मग ॲडमिनला धरा! तेही जमत नाही. सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले. निकाल रास्तच आहे. बिचाऱ्याची सत्ता ती काय, घ्यायचे आणि काढायचे. त्यातही मेहुण्याला काढता येत नाही.

पोलिसांत जावे, तर अब्रुनुकसानी अदखलपात्र. 'कोर्टात जा' म्हणतात. म्हणून घाईच्या लोकांना दुसरी कलमे लागतात. एकेकाळी आयटी कायद्याचे ६६ अ होते. २०१२ मध्ये पालघरला बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक मुलगी आणि त्याला नुसते लाइक करणारी दुसरी, दोघींना अटक झाली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले. तरी घाई काही थांबली नाही. २३ ऑगस्ट २०२१ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे इथे महाडमध्ये पत्रकारांसमोर मुख्यमंत्र्यांच्या कानाखाली देण्याची भाषा बोलले. वाक्य महाडचे, गुन्हे महाडात, नाशकात आणि पुण्यातही. दुसऱ्या दिवशी केंद्रीय मंत्र्यांना संगमेश्वराहून उचलून रात्री महाडच्या कोर्टात उभे केले, आणि जामीनही रात्रीच झाला. कलमे तेढीची होती. एका माणसाच्या कानाने दोन समाजांत तेढ कशी पडते, हे आम्हा महाडकरांना अजून कळलेले नाही.

ज्यांना पोलिसांची एवढी माया नाही, ते वकिलाकडे जातात. हल्ली नोटीस टपालात पडण्याआधी स्टेटसला पडते. फोटोत शिक्का, सही, चहाच्या कपाचा गोल डाग आणि अब्रूची किंमत: पाच कोटी. हा आकडा नोटिशीपुरताच असतो. दिवाणी दावा लावायचा तर रकमेच्या हिशेबाने कोर्ट फी भरावी लागते, त्यामुळे स्टॅम्पाच्या खिडकीशी पोहोचेपर्यंत अब्रू बरीच खाली येते. दाव्याची मुदत एक वर्ष. तेवढ्यात निवडणूक येते, दोन्ही पक्षांची युती होते आणि 'टक्केवारीसम्राट' हे 'विकाससम्राट' म्हणून त्याच ग्रुपवर फिरतात, जसे आले तसे.

एक सुधारणा मात्र मनापासून आवडली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत, कलम ३५६ खाली, बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड तर आहेच. शिवाय आता समाजसेवाही शिक्षा म्हणून देता येते. पोलादपूर ते महाड, महामार्गावरचा प्रत्येक वाढदिवसाचा बॅनर बघा. सगळे समाजसेवक. यांनी एवढी कुणाची बदनामी केली होती, याची कोणीतरी माहितीच्या अधिकारात चौकशी करावी.