चौथा नट

एप्रिलमध्ये कोकणात आंबा पिकतो आणि विहिरीवरची मोटर जळते. दोन्ही वेळच्या वेळी होतं. मोटर वाइंडिंगला न्यायची, तर पंप पायावरून उचलायला हवा. चारांपैकी तीन नट १८-१९चा पाना लावताच निमूट सुटले. चौथ्यानं मात्र वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत सही अडवणाऱ्या चुलत्यासारखा साफ नकार दिला.

नट अडला की वाडीत इंजिनिअर उगवतात. अण्णांनी रॉकेल ओतायला लावलं. काका पान्याला पाइप अडकवून त्याला लोंबकळले. पाना सटकला, काका बसले आणि नटाचे कोपरे गुळगुळीत झाले. "छिन्नी मारा," असं सांगणाराही एक होताच. बोल्ट काँक्रीटमध्ये पुरलेला. तो तुटला तर पाया फोडावा लागेल आणि सिमेंट काही हा सल्लागार आणणार नाही.

दोष खाऱ्या वाऱ्याचा. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि आट्यांत जागा ती केवढी!

शेवटी मिस्त्री गॅसची नळकांडी घेऊन आला. आधी त्यानं फडक्यानं रॉकेल टिपून काढलं. मोटरच्या काळजीचं कारण नव्हतं. ती आधीच जळलेली होती.

"अहो, तापवलं की लोखंड फुगतं. नट आणखी आवळेल!" काका.

"मग बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून का चढवतात?" अण्णा. "भोक लहान होत असतं तर चढली असती का?"

अण्णा बरोबर होते, हे त्यांच्या बाबतीत क्वचितच घडतं. कडं तापलं की भोकासकट मोठं होतं. किती? १२ मिलिमीटरच्या भोकाचा नट ३०० अंशांनी तापवला, तर जेमतेम ०.०४ मिलिमीटर. एवढ्याशा सवलतीसाठी ३००० अंशांची ज्योत! शिवाय घाई हवी, कारण बोल्टही तेवढाच तापला की तोही फुगतो आणि सवलत संपते. म्हणून मिस्त्री ज्योत नुसती नटाभोवती फिरवत होता.

मग त्यानं मेणबत्ती मागितली.

"लाईट गेले?" काकांनी वर पाहिलं.

मिस्त्रीनं ज्योत बंद केली, मेणबत्ती तापल्या नटाला टेकवली. चर्र झालं, धूर निघाला आणि वितळलेलं मेण आट्यांच्या फटीनं आपसूक आत ओढलं गेलं. त्यानं पाइप पाना लावला आणि नट चक्क आवळायच्या बाजूला रेटला.

"अहो, उलटा!" सगळे एका सुरात.

कट्‌कन आवाज झाला. मग जरासा इकडे, जरासा तिकडे, पुन्हा इकडे. तपकिरी भुकटी गळत गेली आणि नट वर आला.

"मी पाइप लावला तेव्हाच हलला होता," काका म्हणाले. अण्णांच्या मते रॉकेल मुरलं होतं. मजुरीचा विषय निघाला, तेव्हा मात्र सगळं श्रेय एकमतानं मिस्त्रीला देण्यात आलं.