शिबिरप्रमुख

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात शंभर-दीडशे बिऱ्हाडांच्या कुठल्याही सोसायटीत एक गृहस्थ असतातच, ज्यांच्याकडे क्लब हाऊसची किल्ली असते. ती त्यांना कुणी दिलेली नसते. सेक्रेटरी बदलतात, खजिनदार रुसून राजीनामे देतात, किल्ली मात्र यांच्या कमरेला. आणि कमरेला किल्ली असलेला निवृत्त माणूस फार दिवस गप्प बसू शकत नाही. पहिल्या उन्हाळ्यात तो कॅरम बोर्डावरची धूळ झटकतो, दुसऱ्या उन्हाळ्यात चित्रकलेचा वर्ग काढतो आणि तिसऱ्या उन्हाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो : 'बालआनंद छंदवर्ग. मुलांच्या भावनिक आरोग्याकडे विशेष लक्ष दिले जाईल. चपला ओळीत काढाव्यात.'

आमच्या कात्रपमधले असे गृहस्थ अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. नोकरी सगळी तपासणी खात्यात गेली. मुलं त्यांना काका म्हणतात, आया सर म्हणतात, आणि रजिस्टरात ते स्वतः 'शिबिरप्रमुख' असं लिहून खाली सही ठोकतात. खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल. मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला. पोराचं रडणं असो की गच्चीवरची गळकी टाकी, त्यांची भाषा एकच. "प्रत्येक जॉबला टॉलरन्स असतो, वहिनी. ह्याचा जरा कमी आहे. ह्याच्याशी आवाज चढवून बोलायचं नाही." मुलगा हट्टी आहे अशी तक्रार घेऊन आलेली आई त्याचा टॉलरन्स कमी असल्याचं ऐकून निर्धास्त होऊन घरी जाते.

छंदवर्गाची गरज इथे खरीच आहे, हेही सांगायला हवं. बदलापूर सीएसएमटीपासून साधारण ६८ किलोमीटर. सकाळी सातच्या आत जिना उतरलेले आईबाप रात्री नवाच्या सुमाराला जिना चढतात. मधल्या वेळात कुणाशी कट्टी झाली, कुणी 'ढोल्या' म्हणून चिडवलं, कुणाला खेळात घेतलं नाही, हे ऐकायला घरात असली तर आजी, नसली तर टीव्ही. काकांचं निदान असं की "दिवसभराचा माल तपासणीशिवाय पडून राहतो."

म्हणून त्यांनी भावनांचा तक्ता केला. थर्माकोलवर पाच चेहरे : आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, आणि पाचव्याचं तोंड रंगवताना वाकडं झालं म्हणून 'इतर'. आल्याबरोबर प्रत्येकाने आपल्या नावाची टाचणी योग्य चेहऱ्याला टोचायची. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "काका, भूक लागलीय, ती कुठे टोचू?" काका म्हणाले, "इतर." पाच मिनिटांत निम्मा वर्ग 'इतर'मध्ये गेला.

ज्याची टाचणी 'दुःखी'वर, त्याला शेजारी बसवून काका राजगिऱ्याचा लाडू देत आणि "बोल बाळ, मोकळेपणाने बोल" म्हणत. ही बातमी दुसऱ्या दिवसापर्यंत बी विंगमध्ये पोचली. गुरुवारी अख्खा वर्ग दुःखी. पहिलीतली एक मुलगी तर इतकी दुःखी होती, की तिने घरी झोपलेल्या धाकट्या भावाच्या दुःखाचाही एक लाडू मागून घेतला. काकांनी लाल पेनाने नोंद केली : 'सामूहिक नैराश्य. पालकसभा बोलवावी.'

पालकसभा रविवारी भरली. आठवड्याची झोप राहिलेले आईबाप प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले आणि काकांनी सुरुवात थेट संयुक्त राष्ट्रांपासून केली. १९८९ चा बालहक्कांचा करारनामा, भारताने त्याला मान्यता दिली १९९२ मध्ये, त्यातलं ३१ वं कलम : मुलांना विश्रांतीचा, फावल्या वेळाचा आणि खेळण्याचा हक्क आहे. मग ताराबाई मोडक. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, आणि ही दोन्ही गावं तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती, हे सांगताना काकांचा आवाज भरून आला. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची. गुरं राखायला जाणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवायची! "मूल जिथे आहे तिथे आपण जायचं," काका म्हणाले, "ओढून आणायचं नाही." टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतल्या एका बाबांनी विचारलं, "सर, शेवटी सर्टिफिकेट मिळेल ना? पोर्टफोलिओला लागतं."

ते ३१ वं कलम काकांनी सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावलं आणि त्याच्याच खाली वेळापत्रक. चार ते चार-वीस ओरिगामी, चार-वीस ते चार-चाळीस श्लोक, चार-चाळीस ते पाच बुद्धिबळ, असं सहापर्यंत ठासून भरलेलं. चौथीतल्या एका चष्मेवाल्याने दोन्ही कागद शांतपणे वाचले आणि विचारलं, "काका, ह्यात फावला वेळ कुठाय?" काका नियमाचे पक्के. दुसऱ्या दिवशी निळ्या पेनाने दुरुस्ती झाली : '४.५० ते ५.०० : मोकळा वेळ. उपस्थिती सक्तीची.' त्या दहा मिनिटांत मुलं भिंतीला टेकून बसत आणि मोकळा वेळ कधी संपतो याची वाट पाहत.

शनिवारी काकांची शाखा उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, व्याह्यांच्या बिल्डिंगमध्ये. ती वस्तीच मुळी छावणीतली. दुसऱ्या महायुद्धातला लष्करी तळ, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. तिथल्या एका आजीने तक्ता बघितला, पाचही चेहरे नीट न्याहाळले आणि म्हणाली, "भाईसाब, हमारे टाइम कोई पूछता नहीं था कैसा लग रहा है. दाल-पकवान खिला देते थे." आणि काकांपुढे बशी ठेवली. काकांनी ती संपवून आजीच्या नावाने 'आनंदी'वर टाचणी टोचली. आजी म्हणाली, "ये मेरा नहीं, आपका है."

काकांची पहिली अडचण झाली ती इथेच. आजीचा नातू वय वर्षं दहा, जीभ कात्रीची. त्याला काकांनी नेहमीप्रमाणे "बोल बाळ, कसं वाटतंय?" विचारलं. तो म्हणाला, "अंकल, पहले आप बताओ." काका गांगरले. "मला? मला काय होतंय? मी ठीक." पोरगा तक्त्याकडे वळला, बोटाने एकेक चेहरा तपासला. "ठीक का चेहरा कहाँ है?" आयुष्यभर दुसऱ्यांचे जॉब तपासलेल्या माणसावर गेज लावायची ही पहिलीच वेळ असावी. त्या दिवशीच्या पानावर निळी नाही, लाल नाही, कुठलीच नोंद नाही.

भावना ओळखण्यासाठी सहलही झाली, अंबरनाथच्या शिवमंदिराला. वालधुनीच्या काठावरचं १०६० सालचं ते शिलाहारांचं देऊळ, भिंतभर मूर्ती. काका म्हणाले, "बघा आणि सांगा, कुठली मूर्ती दुःखी आहे?" मुलं तासभर फिरली. एकीने एका झिजलेल्या मूर्तीकडे बोट दाखवलं. "ही." "का बरं?" "तिचं नाक तुटलंय आणि साडेनऊशे वर्षांत कुणी विचारलंच नाही." काकांनी हे उत्तर सगळ्या ग्रुपवर टाकलं, भाषणात वापरलं, आणि मुलीचा टॉलरन्स उत्तम असल्याचं तिच्या आईला फोन करून कळवलं.

एका बाबतीत मात्र त्यांच्या तपासणी खात्याला कुणी हसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतला लहान मुलींवरच्या अत्याचाराचा प्रकार बाहेर आला, लोकांनी स्टेशनात उतरून रेल्वे रोखली. त्यानंतर काकांनी क्लब हाऊसचं दार कधी लोटूनसुद्धा घेतलं नाही. कुणीही पालक कधीही न सांगता येऊन बसू शकतो. लहान मुलाला टॉयलेटला न्यायचं तर दोन बायका बरोबर. कुठलाही मोठा माणूस, स्वतः शिबिरप्रमुख धरून, मुलाला एकटं घेऊन बसणार नाही. "बोल बाळ" सुद्धा सगळ्यांच्या नजरेसमोर. 'कुणाचा स्पर्श आवडला नाही तर नाही म्हणायचं, आणि घरी सांगायचं' हे मुलांकडून श्लोकांच्या आधी म्हणून घेतलं जातं. हे नियम ते रोज तपासतात. इथे टॉलरन्स शून्य.

बाकी सगळ्या योजना मुलांनी हसत-खेळत हाणून पाडल्या. तक्त्यावरचा 'दुःखी' टाचण्यांनी चाळण झाला. लाडू बंद झाले तशी मुलं आनंदी झाली. पण काकांचं एक वेड होतं, ते योजनेत नव्हतं : कॅरम. पोरांशी खेळतानाही त्यांना हरणं सोसत नाही. एकदा चष्मेवाल्याने राणी घेतली, लगोलग कव्हर केली आणि बोर्ड जिंकला. काकांचे कान लाल. स्ट्रायकर हातात तसाच. पोरं श्वास धरून बसली, कारण मोठी माणसं अशा वेळी काय करतात ते सगळ्यांना घरून ठाऊक. काका उठले आणि म्हणाले, "मला राग आलाय. भयंकर राग आलाय. पाच मिनिटं माझ्याशी कुणी बोलू नका." खिडकीशी गेले, बाटलीतलं पाणी प्यायले, आतल्या बाजूचं घड्याळ बघत मोजून पाच मिनिटं उभे राहिले. मग परत येऊन चष्मेवाल्याला म्हणाले, "शॉट चांगला होता. मांड पुन्हा."

सी विंगमधला एक मुलगा होता, हरला की सोंगट्या उधळणारा. पुढच्या आठवड्यात तो हरला. हात बोर्डाकडे गेला, थांबला. "मला राग आलाय," तो ओरडला, "पाच मिनिटं कुणी बोलू नका!" आणि खिडकीशी जाऊन मनगट उलटं करून बघत उभा राहिला. घड्याळ नव्हतंच.

काकांचं लक्ष नव्हतं. ते भावनांचा नवा, सात चेहऱ्यांचा तक्ता रंगवण्यात गुंतले होते. त्यात 'ठीक' आहे, आणि तळाशी शिबिरप्रमुखांची टाचणी. कॅरमच्या त्या दिवसाची नोंद मात्र त्यांनी तेव्हाच लाल पेनाने करून ठेवली आहे : 'शिबिरप्रमुखांच्या वैयक्तिक रागामुळे पाच मिनिटे वाया गेली. मुलांना उपयोग शून्य. सुधारणा आवश्यक.'